टर्बोच्या मागे एक्झॉस्टचा (धूर बाहेर नेणारा) पाइप अडीच इंची की तीन? आणि पाइप पार मागे न्यायचा की दारापाशीच सोडायचा?

टर्बोपंत: गाडी ऑक्टाव्हिया व्हीआरएस, २ लिटर टीएसआय, मूळची ताकद २३० पीएस. आता फक्त पाव मैलाच्या सरळ ड्रॅग शर्यतीसाठी, जाणार ट्रेलरवरूनच. ट्यून (इंजिनाच्या संगणकाची सेटिंग) झाल्यावर ३५० च्या आसपास ताकद हवी आहे. फॅब्रिकेटर म्हणतो, "साहेब, अडीच इंचीच घाला, बॅकप्रेशर गेलं की खालचा टॉर्क गेला." बॅकप्रेशर म्हणजे पाइपातून मागे येणारा दाब. मला हे साफ अमान्य. टर्बाइन, म्हणजे धुरावर फिरणारं टर्बोचं चाक, फिरते ती तिच्या अलीकडच्या आणि पलीकडच्या दाबातल्या फरकावर. पलीकडचा दाब कमी, तर चाक लवकर उठणार. म्हणून माझं ठरलंय: तीन इंची, आणि डाव्या दाराखालून बाहेर. कोणाला खोडायचंय?

कार्ब्युरेटरवाला: मला. लठ्ठ पाइप लावून मारुती झेनचा पिकअप घालवलेली पोरं मी डोळ्यांनी पाहिलीत. आवाज वाघाचा, पळ शेळीची. फॅब्रिकेटर येडा नाहीये.

टर्बोपंत: काका, झेनला टर्बो होता का? तिथे गेला तो वायूचा वेग, 'बॅकप्रेशर' हे त्याला पडलेलं चुकीचं नाव. नैसर्गिक श्वासाच्या, म्हणजे बिनटर्बोच्या, इंजिनात एका सिलिंडरचा झोत पुढच्याला ओढ देतो, पाइप फुगवला की ती ओढ विरते. टर्बोत ते झोत पात्यांवरच मोडतात. वेग जपायचा तो टर्बोच्या अलीकडे. तिथे तर या इंजिनात हातच घालता येत नाही, मॅनिफोल्ड (सिलिंडरांचा धूर टर्बोकडे नेणाऱ्या वाटा) सिलिंडर हेडमध्येच ओतलेला आहे.

हिशेबनीस: तत्त्वात पंत बरोबर. आकडे बघा. अडीचपेक्षा तीन इंचीचं क्षेत्रफळ ४४% जास्त. पण दाबातली घट व्यासाच्या साधारण पाचव्या घातानं बदलते, म्हणजे तेवढ्याच वायूला तीन इंचीत घट अडीचच्या ४०% च. मात्र हे सरळ पाइपाचं गणित. प्रेसवर वाकवून बेंड चेपला तर तिथे तुमचा तीन इंची अडीचच उरतो. मँड्रेल बेंड (आत आधार देऊन न चेपता वाकवलेला) मिळत नसेल तर तीनचा हट्ट सोडा.

जाता जाता, 'सव्वादोन इंचीचे दोन पाइप टाकू' म्हणणाऱ्यांसाठी: क्षेत्रफळ एका तीन इंचीपेक्षा १२% जास्त भरतं, पण घासणारी भिंत दीडपट, म्हणून दाबातली घट जवळपास तेवढीच. वजन मात्र वाढलं.

घाटातला: पाइप किती मोठा हे इंजिन किती हवा आत घेतं त्यावर ठरतं, हौसेवर नाही. २०१० पर्यंतच्या डब्ल्यूआरसी (जागतिक रॅली स्पर्धा) गाड्यांना हवा आत घेण्याच्या वाटेवर ३४ मिमीचा रेस्ट्रिक्टर, म्हणजे अरुंद गळा, होता, ताकद ३०० च्या घरात अडकायची. नाकच बांधलेलं असताना शेपूट किती रुंद करणार? तुमच्या ३५० ला तीन इंची चालेल, साडेतीन म्हणजे निव्वळ वजन.

माझा खरा आक्षेप दाराखालच्या तोंडाला आहे. इंजिन आडवं, लाँचला, म्हणजे सुटताना, ते जोरात हेलकावणार. लांब पाइप तो हेलकावा थोडा जिरवतो, आखूड पाइपात सगळा ताण बेलोज (पाइपातला लवचीक तुकडा) आणि व्ही-बँडवर (जोडाचा क्लॅम्प) येणार. वेल्ड तडकलाच म्हणून समजा. धूर केबिनमध्ये शिरेल ते वेगळंच.

हिशेबनीस: आणि लॅम्ब्डा सेन्सर (धुरातला ऑक्सिजन मोजणारा) उघड्या तोंडाजवळ आला तर आयडलला बाहेरची हवा उलटी आत येते. सेन्सर खोटंच 'लीन', म्हणजे पेट्रोल कमी पडतंय, असं सांगणार. ट्यूनर रडेल.

टर्बोपंत: सेन्सरचा मुद्दा लक्षात आला नव्हता, तो टर्बोला चिकटूनच ठेवतो. हेलकाव्याचं म्हणाल तर दोन हँगर (पाइप टांगायचे आधार) आणि लांब बेलोज घेतला की भागेल. मागचा सगळा पाइप आणि डबा (सायलेन्सर) वाचतोय, ते वजन मी सोडणार नाही.

घाटातला: भागेल, पहिल्या तीन रनपर्यंत.

कार्ब्युरेटरवाला: टर्बोपुरतं तुमचं मान्य. झेनबद्दल माझंच खरं.

हिशेबनीस: पंत, कापाकापी करायच्या आधी एक करा. आहे त्या डाउनपाइपला (टर्बोनंतरचा पहिला पाइप), टर्बोच्या लगेच मागे, एक बंग (आट्यांचं तोंड) वेल्ड करा. तांब्याची लांब नळी लावून गेज जोडा आणि फुल थ्रॉटलला दाब बघा. काटा जेमतेम हलला तर पैसे टायरवर घाला. नंतर पाइप मोकळा केलात तर त्याच ट्यूनवर बूस्ट (टर्बोनं आत ढकललेल्या हवेचा दाब) वाढू शकतो, लॉग (इंजिनाच्या आकड्यांची नोंद) बघितल्याशिवाय रन मारू नका.

टर्बोपंत: बंग या रविवारी लावतो. आकडा इथेच टाकीन, काकांनी फॅब्रिकेटरला आत्ताच फोन करू नये.