सॅम्पल रेट आणि टेम्पो: रेकॉर्डिंगआधी ठरवायचे की नंतर?

खर्जवाला: पहिला टेक घेण्याआधीच दोन्ही आकडे पक्के करा, या मताचा मी आहे. सॅम्पल रेट (सेकंदाला आवाजाची किती मोजमापं, म्हणजे सॅम्पल, घ्यायची) ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट (प्रत्येक मोजमापाची बारकाई), आणि टेम्पो (मिनिटाला किती बीट) पूर्णांकात. ४४.१ आणि ४८ मधला फरक कानाला सहसा कळत नाही, मान्य. घोळ होतो तो आकडे न जुळल्यामुळे. ४४.१ ची फाइल रूपांतर न होता ४८ च्या क्लॉकवर वाजली की ३ मिनिटांचं गाणं २ मिनिटं ४५ सेकंदांत आटोपतं, सूर जवळजवळ दीड सेमीटोन (सेमीटोन म्हणजे शेजारच्या दोन पट्ट्यांमधलं अंतर) चढतो आणि १२० चा टेम्पो १३०.६ होतो. गायकाला दोष देण्याआधी इंटरफेसच्या (माइक कॉम्प्युटरला जोडणाऱ्या यंत्राच्या) पॅनेलवरचा आकडा बघा.

सम_आणि_खाली: सॅम्पल रेटपुरतं ठीक. टेम्पोबाबत साफ असहमत. गाणं मोकळ्या लयीचं असेल तर क्लिक (टेम्पोची टिकटिक) लावून त्याचा जीव का काढायचा? आधी रेकॉर्ड करा, मग प्रत्येक बारच्या (ठेक्याच्या एका फेरीच्या) पहिल्या बीटवर टेम्पो मार्कर (इथून टेम्पो किती, ही खूण) टाका. प्रत्येक बीटवर नको. नाहीतर वादकाची बारीकसारीक चुळबुळही ग्रिडमध्ये (स्क्रीनवरच्या बीटच्या रेषांत) उतरते आणि नंतर बसवलेले ड्रम्स अडखळत वाजतात.

नॉबफिरव्या: त्याआधीची पायरी राहिली. रीपर या रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरमध्ये रेकॉर्ड केलेल्या आयटमचा (आवाजाच्या तुकड्याचा) टाइमबेस, म्हणजे तो सेकंदांना बांधायचा की बीट्सना ही सेटिंग, 'टाइम' करून घ्या. तो बीट्सवर असून त्यात पोझिशन, लेंग्थ, रेट तिन्ही बांधलेले असतील, तर मार्कर सरकवला की आवाजही ताणला जातो आणि तुम्ही आपलीच सावली पकडत बसता. फक्त पोझिशन बांधली तरी सुटका नाही. टेम्पो १२० चा १२६ केला की ४/४ चे ८ बार १६ सेकंदांवरून १५.२४ वर येतात, म्हणजे १६-१६ सेकंदांचे लागोपाठचे दोन टेक पाऊण सेकंद एकमेकांवर चढतात. मिलिसेकंदांत लावलेला डिलेही (प्रतिध्वनीचा इफेक्ट) ५०० चा ४७६ करावा लागतो, तो हमखास विसरला जातो.

खर्जवाला: मग एवढी उठाठेव नंतर करण्यापेक्षा आधी दोन मिनिटं टेम्पो शोधलेला काय वाईट?

सम_आणि_खाली: लूपवर (पुन्हापुन्हा वाजणाऱ्या तुकड्यावर) चालणाऱ्या गाण्याला काहीच वाईट नाही. मी सगळ्या गाण्यांना एकच फूटपट्टी नको म्हणतोय.

बफर२५६: ४८ चा हट्टही जरा सैल करा. ऑडिओ सीडीच काढायची असेल तर ती ४४.१ चीच असते. सुरुवातच तिथून करा, रूपांतर वाचतं. व्हिडिओ असेल तर मात्र ४८ च. २४ फ्रेमच्या चित्राला ४८ वर प्रत्येक फ्रेममागे बरोबर २००० सॅम्पल येतात, ४४.१ वर १८३७.५. हा अर्धा सॅम्पल कानाला कळत नाही, पण कट फ्रेमवर अचूक बसवताना नडतो. ९६ चा फायदा लेटन्सीत (वाजवल्यापासून ऐकू येईपर्यंतच्या उशिरात) दिसतो: २५६ च्या बफरला (कॉम्प्युटर एका वेळी हाताळतो त्या सॅम्पलच्या गठ्ठ्याला) ४८ वर ५.३ मिलिसेकंद, ९६ वर २.७. पण फाइल दुप्पट आणि प्रोसेसरवरचा भारही साधारण तेवढाच, त्यामुळे बफर वाढवायची वेळ येते आणि कमावलेलं तिथेच जातं.

नॉबफिरव्या: टेम्पो ओळखणाऱ्या बटणावरही भरवसा नको. ७० चं गाणं ते बिनदिक्कत १४० सांगतं. १२८ च्या लूपला १२७.९९ म्हणालं तर दुरुस्त करा. ४ मिनिटांत जवळजवळ १९ मिलिसेकंदांची फारकत पडते, आणि दोन किक (बास ड्रमचे ठोके) एकावर एक असतील तर ती स्वच्छ ऐकू येते.