मतांसाठी थॅचरबाईंचं कौतुक: स्टार्मर यांनी काय कमावलं, काय गमावलं?

पडघम

डिसेंबर २०२३ मधल्या एका लेखाबद्दल लिहायचं बरेच दिवस मनात होतं. कीर स्टार्मर तेव्हा ब्रिटनचे विरोधी पक्षनेते होते, निवडणूक जवळ आली होती. मजूर पक्षाच्या या नेत्याने लेख दिला तो 'संडे टेलिग्राफ'ला, म्हणजे हुजूर पक्षाचा मतदार पिढ्यान्‌पिढ्या वाचत आलेल्या वृत्तपत्राला. ब्रिटनमध्ये खरा बदल घडवणारे पंतप्रधान म्हणून त्यांनी तीन नावं घेतली: मजूर पक्षाचे क्लेमंट ॲटली आणि टोनी ब्लेअर, आणि हुजूर पक्षाच्या मार्गारेट थॅचर. थॅचरबाईंनी लोकांमधली उद्यमशीलता मोकळी केली, देशाला मरगळीतून बाहेर ओढायचा प्रयत्न केला, असा आशय होता. गदारोळ झाल्यावर खुलासा आला की त्यांनी केलेलं सगळं मला मान्य आहे असा याचा अर्थ नाही.

विरोधकांच्या मतदाराला साद घालणं हे कुठल्याही नेत्याचं कामच आहे. माझी हरकत त्याला नाही. मतदाराला जिंकण्यासाठी त्याच्या नेत्याचा वारसाच आपल्या पक्षाच्या देव्हाऱ्यात आणून बसवायचा, याला आहे. ॲटलींच्या सरकारने १ जानेवारी १९४७ ला कोळसा खाणी सरकारी मालकीच्या केल्या, जुलै १९४८ मध्ये सर्वांसाठी मोफत आरोग्यसेवा सुरू केली. थॅचरबाईंच्या ११ वर्षांत टेलिफोन, गॅस, पाण्याच्या सरकारी कंपन्या विकल्या गेल्या, १९८२ मध्ये बेकारांचा आकडा ३० लाखांवर गेला आणि १९८४-८५ च्या संपात खाणकामगारांच्या संघटनेचा कणा मोडला. संपकऱ्यांना त्यांनी 'आतले शत्रू' ठरवलं. त्या खाणकामगारांनी दशकानुदशकं ज्या पक्षाला उभं केलं, त्याचा हा नेता. बदल घडवला हे खरंच, पण कुणासाठी आणि कुणाच्या जिवावर, हे मजूर पक्षाने विचारायचं नाही तर कुणी विचारायचं?

शिवाय मतांचा हिशेबही या कौतुकाच्या बाजूने लागत नाही. २०२४ ला ६५० पैकी ४११ जागा मिळाल्या, पण मतं ३३.७ टक्के. जेरेमी कॉर्बिन यांच्या नेतृत्वाखाली २०१७ ला हरताना ४० टक्के होती. एकूण मतं तर २०१९ च्या दारुण पराभवापेक्षाही कमी पडली. हुजूर पक्ष ४३.६ वरून २३.७ टक्क्यांवर कोसळला आणि त्याची बरीच मतं नायजेल फराज यांच्या 'रिफॉर्म' या उजव्या पक्षाकडे गेली. मग थॅचरभक्त मतदार आला कुठून?

मध्यममार्गी

असहमत, आणि आकड्यांवरूनच असहमत. २०१९ ला पक्षाकडे २०२ जागा होत्या. १९३५ नंतरची सर्वात वाईट कामगिरी. सेजफिल्ड, बोल्सोव्हर, ब्लाइथ व्हॅली असे घरचे म्हणावेत असे मतदारसंघ गेले. तिथला माणूस हुजूर पक्षाला मत देऊन मोकळा झाला होता. त्याला 'तू गद्दार आहेस' म्हणायचं की 'तुझं म्हणणं मला कळतं' म्हणायचं?

ब्रिटनमध्ये एकूण मतं किती यावर सरकार बनत नाही, ती कुठे पडतात यावर बनतं. बालेकिल्ल्यात मताधिक्य घटलं तरी चालेल, पण काठावरच्या मतदारसंघात हुजूर मतदाराला मजूर पक्षाची भीती वाटता कामा नये. तो माणूस मजूर पक्षाला मत देईलच असं नाही. घरी बसला किंवा फराज यांच्याकडे गेला तरी हुजूर पक्षाची जागा पडते. भीती घालवणं हा त्या लेखाचा उद्देश होता आणि तो साधला.

वारशाचं म्हणाल तर मजूर पक्षाचेच गॉर्डन ब्राउन पंतप्रधान झाल्यावर काही महिन्यांतच, सप्टेंबर २००७ मध्ये, त्यांनी बाईंना १० डाउनिंग स्ट्रीटवर बोलावलं होतं. तिथलं बाईंचं तैलचित्रही ब्राउन यांच्याच काळात करवून घेतलं गेलं. ब्लेअर यांनी १९९५ मध्ये पक्षघटनेतलं चौथं कलम बदलून सरकारी मालकीचं उद्दिष्ट काढलं आणि दोन वर्षांत ४१८ जागा आणल्या. स्टार्मर नवीन काही करत नव्हते.

आणि खाणी. हॅरॉल्ड विल्सन यांच्या मजूर सरकारने १९६० च्या दशकात थॅचरबाईंपेक्षा जास्त खाणी बंद केल्या. हे कुणी सांगत नाही.

पडघम

सांगतो. बंद केल्या हे खरं. पण त्या वेळी बेकारी दोन-अडीच टक्क्यांच्या आसपास होती. एक खाण बंद झाली तर माणूस दुसऱ्या खाणीत किंवा कारखान्यात जाऊ शकत होता. १९८४ ला जायला जागा नव्हती. खाणीवर गाव उभं असेल, दुकान, क्लब, बँड सगळं खाणीच्या पगारावर चालत असेल आणि आसपासचे पोलाद आणि जहाजबांधणीचे कारखानेही त्याच वर्षांत मिटत असतील, तर खाणीबरोबर गाव जातं. फरक संख्येत नाही, पुढे काय याची काळजी कुणी केली यात आहे.

ब्लेअर यांच्या मार्गाने जायचं तर त्यांच्या मतांकडेही बघा. १९९७ ला त्यांना ४३.२ टक्के मिळाली होती. साडेतेहेतीस टक्क्यांवर सत्ता आली की पहिल्या वाऱ्याला छप्पर उडतं.

टाइनकाठी

मी नोकरीनिमित्त बरीच वर्षं संडरलंडला राहते. इथल्या फुटबॉल क्लबचं मैदान ज्या जागेवर आहे तिथे वेअरमथची कोळसा खाण होती. डरहॅमच्या कोळसापट्ट्यातली शेवटची खाण, १९९३ ला बंद झाली. मैदानाबाहेर खाणकामगारांच्या दिव्याची मोठी प्रतिकृती आहे.

आमच्या शेजारचे आजोबा तिथे कामाला होते, वर्षभर संपावर होते. पण एक गोष्ट दोन्ही बाजूंनी ऐकून घ्यावी. ते ज्या घरात राहतात ते घर त्यांनी विकत घेतलं ते थॅचरबाईंच्या कायद्यामुळेच. १९८० च्या कायद्याने नगरपालिकेच्या घरांतल्या भाडेकरूंना मोठ्या सवलतीत घर विकत घ्यायचा हक्क मिळाला. आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या दाराला आवडीचा रंग लावला, असं ते अभिमानाने सांगतात. आणि एप्रिल २०१३ ला बाई गेल्या तेव्हा त्यांच्यासाठी टोपी काढणार नाही, असंही तेच म्हणाले होते.

म्हणून पडघम, सगळा वारसा काळा आहे असं मला म्हणवत नाही. पण मध्यममार्गी, आजोबांना लेख लागला तो टेलिग्राफमध्ये आला म्हणून. "आमच्याशी बोलायचं असतं तर इथे येऊन बोलला असता," एवढंच ते म्हणाले. बाईंनी घर दिलं आणि काम नेलं, हे पूर्ण वाक्य जो नेता बोलेल त्याचं ते ऐकतील. स्टार्मर यांनी अर्धंच वाक्य बोललं.

लालबागकर

टाइनकाठी यांचा प्रतिसाद वाचून गलबललं. माझे वडील आणि काका दोघेही गिरणीत होते. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला तेव्हा मी शाळेत होतो. आमच्याकडेही नंतर सगळ्या पक्षांचे नेते गिरणी कामगारांचं नाव घेत राहिले आणि जमिनींवर टॉवर उभे राहिले. ज्याचं नुकसान झालं त्याला आधी विचारायचं असतं, एवढं तरी पाळायला हवं होतं.

मध्यममार्गी

लालबागकर, तुमच्या वेदनेबद्दल आदर आहे. पण दोन्हींची सरमिसळ नको. मुंबईच्या गिरण्या खासगी मालकांच्या होत्या, ब्रिटनच्या खाणी सरकारी आणि बऱ्याच तोट्यात. करदात्याने किती वर्षं भरायचं हा प्रश्न तिथे खरा होता. संपाआधी देशभरातल्या सभासदांचं मतदान घ्यायला खाणकामगार संघटनेचे अध्यक्ष आर्थर स्कारगिल तयार नव्हते, नॉटिंगहॅमशरचे बहुसंख्य कामगार खाणीत जात राहिले. पराभवात त्यांचाही वाटा आहे.

हॅरोवासी

इथे आपल्या लोकांचा विषय कुणी काढला नाही म्हणून लिहितो. ग्रँथमच्या किराणा दुकानदाराची मुलगी पंतप्रधान झाली, याचं अप्रूप इथल्या दुकानदार भारतीयांना होतं. पहाटे दुकान उघडणाऱ्याला थॅचरबाईंची भाषा आपली वाटायची. ती मतं खोटी नव्हती.

त्याआधी लंडनमधल्या विल्सडेनच्या ग्रनविक फोटो कारखान्यात १९७६ ला जयाबेन देसाई आणि त्यांच्याबरोबरच्या बायका, बहुतेक पूर्व आफ्रिकेतून आलेल्या गुजराती, युनियनच्या हक्कासाठी संपावर गेल्या. यॉर्कशरमधून स्कारगिल खाणकामगारांना घेऊन त्यांच्यासाठी आले. पण तेव्हा सरकार मजूर पक्षाचं होतं, आणि १९७८ ला संप हरला तेव्हा कामगार महासंघाने हात आखडता घेतलेला होता. म्हणजे मजूर पक्षाचा स्वतःचा वारसाही वादातीत नाही.

जून २०२४ ला स्टार्मर आमच्याजवळच्या किंग्जबरीच्या स्वामिनारायण मंदिरात आले, हिंदूद्वेषाला ब्रिटनमध्ये थारा नाही म्हणाले. मजूर पक्षाच्या २०१९ च्या अधिवेशनात काश्मिरात आंतरराष्ट्रीय हस्तक्षेप मागणारा ठराव झाला होता, त्याने दुखावलेल्या भारतीय मतदारांना परत आणायचं होतं. तरी भारतीय मतदार मोठ्या संख्येने असलेल्या जागांपैकी हॅरो ईस्ट हुजूर पक्षाने राखली आणि लेस्टर ईस्ट तर मजूर पक्षाकडून जिंकली. माझ्या मते लोकांना तुमचा नमस्कार आवडतो, पण मत ते आधीच्या वागण्यावर देतात.

पडघम

हॅरोवासी, ग्रनविकची आठवण मोलाची. देसाईबाईंचं नाव त्या लेखात आलं असतं तर दुकानदारालाही आणि कामगारालाही साद गेली असती.

एक भर घालतो. पंतप्रधान झाल्यावर ऑगस्ट २०२४ मध्ये स्टार्मर यांनी डाउनिंग स्ट्रीटच्या अभ्यासिकेतलं बाईंचं तेच तैलचित्र हलवलं. भिंतीवरून कुणी आपल्याकडे बघत असलेलं आवडत नाही, असं कारण दिलं. म्हणजे मतं मागताना त्यांची आठवण काढायची आणि सत्ता आल्यावर चित्र नकोसं. हुजूर मतदार चिडला, आपलाही खूश झाला नाही.

मध्यममार्गी

चित्रावरून निष्ठा मोजू नका, कामावरून मोजा. ऑक्टोबर २०२४ च्या अर्थसंकल्पात खाणकामगारांच्या निवृत्तिवेतन निधीतले १५० कोटी पौंड त्यांना परत मिळाले. १,१२,००० लोकांची पेन्शन ३२ टक्क्यांनी वाढली. नोव्हेंबरपासून पालिकेच्या घरांवरची सवलत मोठ्या प्रमाणात कमी केली, म्हणजे उरलेली घरं टिकतील. प्रवासी रेल्वे सरकारी मालकीत आणण्याचा कायदा केला. जुलै २०२५ मध्ये ऑरग्रीव्हची चौकशी जाहीर झाली. तिथे १९८४ ला पोलीस आणि संपकरी भिडले, ९५ जणांवर खटले भरले आणि सगळे कोसळले. चाळीस वर्षांत कुठल्याही सरकारने, ब्लेअर यांच्याही, ही चौकशी केली नव्हती. लेख टेलिग्राफमध्ये लिहिणाऱ्यानेच हे केलं. आधी सत्ता लागते, मग न्याय देता येतो.

टाइनकाठी

आजोबांची पेन्शन वाढली, हे मी स्वतः ऐकलंय, आणि ते खूश होते. पण त्याच हिवाळ्यात त्यांचा थंडीसाठीचा इंधनभत्ता सरकारने काढून घेतला. पुढच्या जूनमध्ये सरकारने माघार घेतली, पण तोवर मेमधल्या स्थानिक निवडणुका होऊन गेल्या होत्या. डरहॅम काउंटी परिषद १९१९ ला मजूर पक्षाने जिंकली, असं बहुमत मिळालेली ती देशातली पहिली काउंटी. मे २०२५ ला तिथे ९८ पैकी ६५ जागा रिफॉर्मने घेतल्या. मजूर पक्षाला ४.

ऑरग्रीव्हची चौकशी त्यानंतर अडीच महिन्यांनी जाहीर झाली. मध्यममार्गी, ती आधी करायला काय अडलं होतं, हे मला खरंच समजून घ्यायचंय.