दाभोळ खाडीच्या पाणीपातळीचे विश्लेषण: आर, पायथन की ऑक्टेव्ह?

खाजणवाट (चिपळूण)
सप्रेम नमस्कार. दाभोळ खाडीत दोन ठिकाणी बसवलेल्या दाबमापक लॉगरची, दर दहा मिनिटांनी घेतलेली, सुमारे दोन महिन्यांची नोंद माझ्यापाशी आहे. तीतून भरती-ओहोटीचा भाग वेगळा काढून उरलेल्या चढउतारात खाडीला मिळणाऱ्या वाशिष्ठी नदीच्या प्रवाहाचा वाटा किती ते पाहायचे आणि पुढे खारे पाणी कुठवर चढते याचे प्रारूप करायचे, असा विचार आहे. सशुल्क सॉफ्टवेअरचा परवाना संपला असून तो पुन्हा घेण्याइतका निधी नाही. जुन्या आज्ञावली त्यातल्याच, म्हणजे मॅटलॅबमधल्या आहेत. मुक्तस्रोत साधनांपैकी कोणते शिकावे?

उधाणभांग (रत्नागिरी)
जुन्या आज्ञावली फारशा न बदलता चालवायच्या असतील तर ऑक्टेव्ह बरे, कारण त्याची भाषा मॅटलॅबशी बरीचशी जुळते. मात्र मॅटलॅबच्या सशुल्क टूलबॉक्सांवर (जोड-आज्ञावलींवर) बेतलेला भाग बहुधा नव्याने लिहावा लागेल. नव्याने शिकायचेच असेल तर पायथन घ्यावे. त्यातील यूटाइड हे पॅकेज याच नावाच्या मॅटलॅब आज्ञावलीवरून तयार झालेले आहे. त्याला वेळ, पातळी आणि अक्षांश दिले की भरतीच्या प्रत्येक घटकाचा (ठरावीक काळाने येणाऱ्या चढउताराचा) आयाम आणि फेज (त्याची वेळ दाखवणारा कोन) अनिश्चिततेसह मिळतो. आर येत असेल तर ओसीई पॅकेजमधील टायडेम हेच काम करते. केवळ यासाठी भाषा बदलू नये.

खरी मेख वेळेच्या रकान्यात असते. लॉगर यूटीसीवर (जागतिक प्रमाणवेळेवर) आणि नोंदवहीतल्या नोंदी भारतीय वेळेवर असतील, तर साडेपाच तासांच्या फरकाने एम२ या मुख्य चांद्र घटकाची फेज सुमारे १५९ अंशांनी सरकते, कारण तो ताशी २८.९८ अंश पुढे जातो. आलेख तरीही देखणाच दिसतो, म्हणून हा घोळ लवकर ध्यानात येत नाही. शिवाय लॉगर पाण्याबरोबर हवेचाही दाब मोजत असेल, तर १ हेक्टोपास्कल म्हणजे पाण्याची जवळजवळ १ सेंटिमीटर उंची, हे धरून हवेचा दाब आधी वजा करावा.

पोफळीकर
वरील उत्तराशी सहमत आहे, पण वाशिष्ठीची एक गोष्ट सुटली. कोयना प्रकल्पाच्या वीजगृहांतून बाहेर पडणारे पाणी याच नदीत येते आणि वीजनिर्मिती विजेच्या मागणीनुसार कमीजास्त होते. मागणीला २४ आणि १२ तासांची लय असल्याने हा विसर्ग १२ तासांच्या एस२ या सौर घटकात मिसळण्याची दाट शक्यता आहे. खाडीच्या मुखापाशी थोडी, वरच्या ठिकाणी अधिक. यूटाइड त्याला निमूटपणे भरतीच म्हणेल. म्हणून दोन्ही ठिकाणांचे एस२ आणि एम२ यांचे गुणोत्तर शेजारी ठेवून पाहावे. एम२ आणि एस२ वेगळे ओळखण्यास १४.८ दिवसांची नोंद पुरते, पण एस२ आणि त्याच्या अगदी जवळच्या काळाचा के२ हा घटक यांना सुमारे १८२ दिवस लागतात. तेव्हा दोन महिन्यांच्या नोंदीवरून के२ स्वतंत्रपणे काढण्याचा आग्रह धरू नये. पावसाळ्यातली नोंदही यात मिसळू नका.

खाजणवाट (चिपळूण)
विसर्गाचा मुद्दा ध्यानात नव्हता. वीजगृहांच्या विसर्गाची तासागणिक आकडेवारी मागवतो. प्रारूपासाठी डेल्फ्ट३डी हे प्रवाहाचे प्रारूप करणारे सॉफ्टवेअर चालेल का?

उधाणभांग (रत्नागिरी)
चालेल, त्याच्या प्रवाह विभागाचा स्रोत २०११ पासून खुला आहे. अडचण तळाच्या खोलीची आहे. जेब्कोच्या समुद्रतळाच्या खोलीच्या मोफत जागतिक आकडेवारीचे एकेक घर १५ कोनीय सेकंदांचे (अक्षांश-रेखांशाच्या मापाने), म्हणजे सुमारे साडेचारशे मीटरचे असते. खाडीचा अरुंद भाग त्यात एखाद्या घरात मावून जाईल. होडीला इकोसाउंडर (ध्वनीने खोली मोजणारे यंत्र) बांधून आडवे छेद घ्यावेत, ते क्यूजीआयएस या मुक्तस्रोत नकाशा-सॉफ्टवेअरमध्ये जुळवावेत आणि मोजमापाच्या वेळची भरतीची पातळी प्रत्येक छेदासमोर लिहून ठेवावी, नाहीतर सगळ्या खोल्या एका पातळीवर आणता येणार नाहीत. तोवर त्रिमितीय प्रारूपाच्या वाटेला जाऊ नये.