प्रश्न फक्त वृद्धाश्रमांचा नाही

म्हाताऱ्या माणसांना कोण सांभाळणार, हा प्रश्न वृद्धाश्रम वाढवले की सुटेल, असं एकांनी म्हटलंय. मला नाही पटत. बहुतेकांना म्हातारपणी स्वतःच्याच घरात राहायचं असतं आणि खरी अडचण तिथेच आहे.

सदाशिव पेठेतली आमची इमारत तीन मजली, लिफ्ट नाही. वरच्या काकू ऐंशीच्या पुढच्या, मुलगा परदेशात. गुडघ्यांमुळे महिना महिना जिना उतरत नाहीत. दोरीला पिशवी बांधून खाली सोडतात, भाजीवाला भरून देतो. परवा दुधाची पिशवी दुपारपर्यंत दाराशीच दिसली म्हणून आम्ही आत गेलो, तर अंगात सणसणून ताप. (आमच्याकडे ठेवलेली त्यांची किल्ली कामी आली.)

महाराष्ट्राचा जननदर, म्हणजे एका बाईमागे सरासरी मुलं, २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १.७ वर आलाय. म्हणजे पुढे सांभाळणारे हात आणखी कमी. आईवडील आणि ज्येष्ठ नागरिकांसाठीच्या २००७ च्या कायद्याने मुलांकडून निर्वाहखर्च मागता येतो, सोबत मागता येत नाही. आणि काकूंकडे कामाला येणाऱ्या मावशी स्वतः साठीला टेकल्यात. त्यांना ना पेन्शन, ना भरपगारी रजा. त्या थकल्या की त्यांचं कोण करणार, हे मला जास्त छळतं.