नांदूरमधमेश्वर : कुजणारी जलपर्णी, मासे आणि पक्षी

गोदाकाठ :
गोदावरी आणि कादवा यांच्या संगमावरील या जलाशयाजवळ आमची शेती आहे. मागच्या उन्हाळ्यात काठालगतची जलपर्णी उपटून पाण्यातच तिचे ढीग लावण्यात आले. आठवडाभरात पाण्याला कुजक्या अंड्यांसारखा वास येऊ लागला आणि पहाटे मासे वर येऊन तोंड उघडताना दिसू लागले. मात्र कुजणारा पाला आणि गाळ हाच पाणथळीचा प्राण आहे, असे पक्षिमित्र सांगतात. यातले काय खरे मानावे?

जलमित्र :
दोन्ही खरे आहे. प्रश्न एका वेळी किती माल कुजतो याचा आहे. सेंद्रिय पदार्थ कुजवणारे जिवाणू पाण्यात विरघळलेला प्राणवायू वापरतात. २० अंश सेल्सिअसला गोड्या पाण्यात लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, ३० अंशांना तो साडेसातवर येतो. म्हणजे उन्हाळ्यात साठा मुळातच कमी आणि कुजण्याचा वेग जास्त. रात्री वनस्पती प्राणवायू तयार करत नाहीत, उलट श्वसनासाठी वापरतात, त्यामुळे पहाटे तो सर्वांत कमी असतो आणि मासे तेव्हाच वर येतात. तळाचा प्राणवायू संपला की हायड्रोजन सल्फाइड तयार होतो, तोच तुम्हाला आलेला वास; शिवाय गाळात लोहाशी बांधलेला फॉस्फेट सुटून पाण्यात येतो आणि शेवाळाला नवे खत मिळते.

चक्रवाक :
गाळाची बाजूही मांडतो, कारण ‘सगळा गाळ काढा’ ही मागणी ऐकली की मला काळजी वाटते. बंधाऱ्यामागे साचलेल्या गाळामुळेच येथे उथळ पाणी, बेटे आणि पाणकणसाची दाटी तयार झाली, आणि त्यामुळेच हे महाराष्ट्रातील पहिले रामसर स्थळ (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ) ठरले. पाल्याच्या चुऱ्यावर किड्यांच्या अळ्या आणि कृमी पोसतात, त्यांवर शेकाट्या आणि पाणलावा हे पाणपक्षी जगतात. शेतातून आलेल्या नायट्रेटचे निरुपद्रवी नायट्रोजन वायूत रूपांतर करणाऱ्या जिवाणूंनाही गाळातला हाच कर्ब लागतो.

जलमित्र :
सहमत आहे. म्हणून जलपर्णी ताजी असतानाच, पुराच्या रेषेबाहेर नेऊन तिचे कंपोस्ट करावे. तणनाशकाने जागीच मारल्यास ढिगांसारखाच परिणाम होतो. मेलेले मासे आणि पक्षीही लगेच उचलावेत. २०१९ मध्ये राजस्थानातील सांभर सरोवरात बॉट्युलिझम या जिवाणूच्या विषबाधेने हजारो पक्षी दगावले. त्याचा जिवाणू प्राणवायूविना कुजणाऱ्या मांसात वाढतो, आणि त्यावरच्या अळ्या खाणाऱ्या पक्ष्यांत विष पसरत जाते.

गोदाकाठ :
आभारी आहे. यंदा ट्रॅक्टर काठापर्यंत नेऊन जलपर्णी थेट ट्रॉलीत भरावी, असे ग्रामसभेत मांडतो.