अडसर मतदारांचा की पक्षांचा?
उघडपणे समलिंगी असलेल्या नेत्याला ग्रामीण मतदार कधीच स्वीकारणार नाही, असे म्हटले जाते; हे मत मला मान्य नाही. वडील मूळचे मालवण तालुक्यातील वराडचे असलेल्या लिओ वराडकर यांनी २०१५ मध्ये, मंत्रिपदावर असतानाच, आपण समलिंगी असल्याचे जाहीर केले आणि २०१७ मध्ये ते आयर्लंडचे पंतप्रधान झाले. पण आमच्या खानदेशातले उदाहरण मला अधिक मोलाचे वाटते. जळगावजवळच्या भादली बुद्रुकमध्ये अंजली पाटील या तृतीयपंथी उमेदवाराचा महिला प्रवर्गातील अर्ज फेटाळला गेला, तेव्हा त्यांनी उच्च न्यायालयातून परवानगी मिळवली आणि जानेवारी २०२१ मध्ये गावाने त्यांना ग्रामपंचायतीवर निवडून दिले. लिंगओळख (आपण स्त्री, पुरुष की तृतीयपंथी ही जाणीव) आणि लैंगिक कल (आकर्षण कोणाविषयी वाटते) या वेगळ्या बाबी आहेत, हे खरेच. तरीही गावाने अशा उमेदवाराला स्वीकारले, म्हणून उमेदवारी देताना कचरणारे पक्षच मला अधिक जबाबदार वाटतात.