वडिलांना स्मृतिभ्रंश, ताई बौद्धिक दिव्यांग: कुलमुखत्यारपत्र पुरेसे आहे का?

प्रश्न (कोथरूड):
माझे वडील ७९ वर्षांचे असून राज्य शासनाच्या सेवेतून निवृत्त झाले आहेत. आई हयात नाही. दोन महिन्यांपूर्वी डॉक्टरांनी स्मृतिभ्रंशाची सुरुवात असल्याचे सांगितले. बाबांना अजून व्यवहार समजतो. मात्र परवा चेकवर सही करताना त्यांचा हात आडनावापाशी थांबला आणि ते माझ्याकडे पाहत राहिले. माझी ४६ वर्षांची ताई बौद्धिक दिव्यांग असून त्यांच्याजवळच राहते. फ्लॅट बाबांच्या एकट्याच्या नावावर आहे. त्यांनी मला कुलमुखत्यारपत्र (त्यांच्या वतीने व्यवहार करण्याचा अधिकार देणारा कागद) करून दिले की पुढची काळजी मिटली, असे एका एजंटाने सांगितले. हे बरोबर आहे का?

उत्तर (निवृत्त वकील, शिवाजीनगर):
नाही. भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम २०१ नुसार लिहून देणाऱ्याचे मन व्यवहार समजण्यास असमर्थ झाले की मुखत्याराचा अधिकार संपतो. म्हणजे ज्या दिवशी आपल्याला त्या कागदाची खरी गरज पडेल, त्याच दिवशी तो निरुपयोगी ठरेल. म्हणून बाबांना समजते आहे तोवर मृत्युपत्र करून घ्यावे. नोंदणी सक्तीची नसली तरी दुय्यम निबंधक कार्यालयात जाऊन ती करावी, दोन साक्षीदारांपैकी एक उपचार करणारे डॉक्टर असावेत आणि सुबुद्धीचे प्रमाणपत्र त्याच तारखेचे असावे. सोसायटीत नामनिर्देशन केले आहे म्हणून निर्धास्त राहू नये, कारण नामनिर्देशित व्यक्ती त्यामुळे मालक होत नाही. ताईंचा हिस्सा थेट त्यांच्या नावे ठेवण्याऐवजी मृत्युपत्रातूनच त्यांच्यासाठी खासगी न्यास (ट्रस्ट) स्थापन करता येतो. विश्वस्त आणि ताईंचे पालक या दोन वेगळ्या व्यक्ती असाव्यात, असे माझे आग्रहाचे मत आहे. फ्लॅट आताच बक्षीसपत्राने कोणाला देऊ नये. दिलाच तर बाबांना सांभाळण्याची अट त्यात स्पष्ट लिहावी, म्हणजे ती न पाळल्यास बक्षीसपत्र रद्द करून घेण्यासाठी ज्येष्ठ नागरिकांसाठीच्या २००७ च्या कायद्यातील कलम २३ चा आधार राहील.

उत्तर (एका मुलाची आई, सिंहगड रस्ता):
वकीलसाहेबांनी बाबांचे सांगितले, मी ताईंचे सांगते. अठरा वर्षे पूर्ण झाली की आईवडीलही आपोआप कायदेशीर पालक राहत नाहीत. राष्ट्रीय न्यास अधिनियम, १९९९ खाली जिल्हा पातळीवरच्या स्थानिक स्तर समितीकडे पालकत्वासाठी अर्ज करावा लागतो. हा कायदा स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता यांनाच लागू आहे, बाबांच्या आजाराला नाही. आमच्या वेळी समितीने माझ्या मुलालाच विचारले की तुला कोणाजवळ राहायचे आहे. तो काही बोलला नाही, त्याने माझ्या बहिणीची पिशवी उचलून आपल्या मांडीवर ठेवली. आपणही ताईंना आधी विचारावे. पालक झाल्यावर सहा महिन्यांत मालमत्तेची यादी आणि पुढे दरवर्षी हिशेब द्यावा लागतो, तेव्हा पहिल्या दिवसापासून वही घालावी.

आणखी एक: स्वतःचा चरितार्थ चालवू न शकणाऱ्या दिव्यांग अपत्याला कुटुंब निवृत्तिवेतन मिळू शकते. ताईंचे नाव बाबांच्या हयातीतच कार्यालयात नोंदवून घ्यावे. नंतर तेच काम फार जड जाते.

प्रश्नकर्ती:
आपणा दोघांचे मनापासून आभार. उद्या सकाळी डॉक्टरांची वेळ घेते, कारण बाबा सकाळी अधिक सावध असतात. ताईला आजच विचारले. ती म्हणाली, "बाबा येणार असतील तर तुझ्याकडे."